आमच्या मळ्यात माग नव्हता

इंटरनेटवर अजूनही कुठे कुठे लिहिलेलं सापडतं की निंबोल्याच्या मागांचा आवाज ऐकताना अंगावर काटा येतो. माझ्याही येतो, पण तो संतापाने. निंबोल्याला आमचा मळा आहे. तिथे केळी आहे, कडेच्या तुकड्यात थोडा कापूस आहे, एक बोअर आहे आणि मोटारीचा स्टार्टर बसवलेली एक खोली आहे. माग नाही. माग सगळे बुऱ्हाणपूर शहरात, गल्लीगल्लीत. ज्या आवाजाचं एवढं कौतुक झालं तो मी त्या स्टार्टरच्या खोलीत बसून, लोखंडी डब्यांतून काढलेला आहे. हे मी फार थोड्या लोकांना सांगून पाहिलं. ज्यांना सांगितलं त्यांना ते पटलं नाही, आणि ज्यांना पटलं असतं त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नाही. आता लिहून तरी ठेवते.

माझं माहेर कागदाच्या मिलच्या कॉलनीतलं. वडील नोकरीसाठी जळगावकडून इकडे आले आणि मिलच्या इलेक्ट्रिकल खात्यात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. आमच्या घरी पाहुणे कमी आणि बिघडलेले रेडिओ जास्त यायचे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, बुऱ्हाणपूरच्या एका आयटीआयमध्ये शिकवायला लागले आणि केळीवाल्यांच्या घरात लग्न करून आले. येताना सोबत सोल्डरिंग आयर्न आणलं होतं. सासूबाईंना ते केस कुरळे करायचं यंत्र वाटलं आणि त्यांनी ते माझ्या पावडरच्या डब्याशेजारी नीट मांडून ठेवलं. माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. वाईट असती तर भांडायला बरं पडलं असतं.

नवरा केळीत. पिकाची कापणी, गाड्या भरणं, भाव, यातून त्याला मान वर करायला फुरसत नसायची. धाकटा दीर पुण्याला साउंड इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि परत आला तो दाढी, दोन मोठे स्पीकर आणि एक कल्पना घेऊन. कल्पना अशी की बुऱ्हाणपुरातून एक रेकॉर्ड लेबल काढायचं. लेबल म्हणजे संगीत प्रकाशित करणारी संस्था. पण संस्था म्हणावी असं तिथे काही नव्हतं. आमच्या घराची वरची खोली, एक कॉम्प्युटर, कॅसेटच्या कॉपी काढायचे दोन जुने डेक, आणि कव्हरं कापायला सासूबाईंची कात्री. आजच्या काळात कॅसेट कोण घेतं, असं मीही विचारलं होतं. "वहिनी, ज्यांना असलं म्युझिक पाहिजे ना, त्यांना कॅसेटच पाहिजे," तो म्हणाला, आणि ते खरं निघालं. बाकीचे नेटवर ऐकत.

असलं म्युझिक म्हणजे काय ते घरात कोणालाच समजावता आलं नाही. त्यात गाणं नाही, ताल धरावा असा ताल नाही, सूर आहे पण तो कुठे जातो ते सांगता येत नाही. विजेवर चालणाऱ्या यंत्रांतून निघालेली घरघर, शिट्टी, टिकटिक, आणि त्यातून हळूहळू उभं राहणारं काहीतरी. सासूबाई जिन्याखाली उभ्या राहून विचारायच्या, "अरे, फ्रिज तर नाही बिघडला?" नवरा म्हणायचा, "हे शिकायला हा पुण्याला गेला, आणि पैसे मी भरले."

मला मात्र ते आवडलं. पहिल्यांदा दिराचा एक सिंथेसायझर बंद पडला म्हणून मी तो उघडला. आतलं सर्किट पाहून हसूच आलं. हे तर मी मुलांना पहिल्या वर्षी शिकवते, फक्त आम्ही त्याचा आवाज ऐकत नाही, स्क्रीनवर लाट बघतो आणि पुढे जातो. मी तो दुरुस्त केला, आणि मग मला राहवेना. बाजारात एक दुकानदार मोडीत निघालेले व्होल्टेज स्टॅबिलायझर बाहेर टाकून द्यायचा. मी त्यातले काही उचलून आणले. हिरव्या रंगाचे डबे, समोर व्होल्टेज दाखवणारा काटा, आत ट्रान्सफॉर्मर आणि रिले. रिले म्हणजे तो, जो व्होल्टेज कमीजास्त झालं की आत खट् करतो. आमच्याकडच्या प्रत्येक घरात फ्रिजमागून तो खट् ऐकू येतो, कोणी मान वळवूनही बघत नाही. मी त्या डब्यांत माझे ऑसिलेटर बसवले, म्हणजे सूर काढणारी सर्किटं, आणि काटा तसाच ठेवला.

लेबलचा एक नियम होता, दिराने पुण्याहूनच आणलेला. कव्हरवर माणसाचं नाव नाही. जिथे ते बनलं त्या गावाचं नाव, बस. "नाव आलं की लोक नाव ऐकतात, आवाज नाही ऐकत," असं तो म्हणायचा, आणि तेव्हा मलाही ते थोर वाटायचं. पहिली कॅसेट त्याची स्वतःची, कव्हरवर 'बुऱ्हाणपूर'. दुसरी त्याच्या एका मित्राची, जो धूलकोटला मास्तर होता आणि शाळेचा बिघडलेला लाउडस्पीकर शिट्टी मारतो त्यातून काहीबाही करायचा, तिचं नाव 'धूलकोट'. इच्छापूरच्या एकाची होती, ती 'इच्छापूर'.

माझ्यासाठी हा नियम थोर असण्यापेक्षा सोयीचा जास्त होता. सून वरच्या खोलीत दिराबरोबर बसून चित्रविचित्र आवाज काढते, हे नातेवाइकांना कोणत्या शब्दांत सांगायचं? घरात ठरलेलं उत्तर एकच होतं: वहिनी मशीन दुरुस्त करून देतात. सासूबाई हे अभिमानाने सांगायच्या. नवऱ्यालाही एवढंच माहीत होतं. मी मळ्यात डबे घेऊन जायचे तेव्हा त्याला वाटायचं, घरात सासूबाईंची कटकट नको म्हणून दुरुस्तीचं काम तिकडे नेते. मी कधी काही खोटं बोलले नाही. विचारलंच नाही कोणी.

एका हिवाळ्यात, आयटीआय दुपारी सुटलं की मी स्कूटीवर डबे बांधून मळ्यात जायचे. स्टार्टरच्या खोलीत खताच्या गोणीवर पुठ्ठा टाकून बसायचे. तिथेच का, तर तिथली वीज. शहरात व्होल्टेज त्यामानाने बरं असतं. मळ्यात थ्री-फेज आला की आजूबाजूच्या सगळ्या शेतांतल्या मोटारी एकामागून एक सुरू होतात, आणि प्रत्येक मोटार उचलली की लाइन दबते, म्हणजे व्होल्टेज खाली जातं. कोणताही शहाणा माणूस सर्किटला स्थिर वीज देतो. मुलांना मी हेच शिकवते, आणि ज्याने नाही दिली त्याचे मार्क कापते. पण त्या हिवाळ्यात मी माझे डबे मुद्दाम सरळ लाइनवर ठेवले. शेजारच्या मळ्यातली मोटार सुरू झाली की माझा सूर खाली बसायचा, मोटार वेगात आली की तो उठायला बघायचा. काटे हलायचे, रिले खट् करायचे, एक, मग दुसरा, मग दोन्ही एकदम. कोण मोटार लावतंय ते दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. मी नॉबवर हात ठेवून वाट बघायचे आणि लाइन दबली की त्या उतारावर दुसरा सूर चढवायचे. कितीतरी दुपारी नुसत्या वाया गेल्या. ज्या नाही गेल्या त्यातून तो तुकडा बनला.

मी आयुष्यात जे काही केलं त्यात एवढं चांगलं दुसरं काही नाही. हे म्हणायला मला लाज वाटत नाही. एका गावाची सगळी वीज माझ्या हाताखालून जात होती, आणि मी ती वाजवत होते.

दिराने हेडफोन लावून तो ऐकला, काढला, पुन्हा लावला. "वहिनी, हे तर... मतलब, हे आपलं सगळ्यात भारी आहे," तो म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे. ते खोटं नव्हतं, आजही मी ते खोटं म्हणणार नाही. कॅसेट निघाली. कव्हरवर लिहिलं, 'निंबोला'.

मग कोण्या परदेशी माणसाने त्याच्यावर लिहिलं. दिराने मराठीत वाचून दाखवलं. मध्य भारतातल्या निंबोला नावाच्या गावात शेकडो माग चालतात, कोणा अनामिकाने त्यांच्यामध्ये मायक्रोफोन ठेवला आहे, आणि त्या यंत्रांचा श्वास, त्यांची ठोके देण्याची लय, सगळं काही जसंच्या तसं, कोणताही हात न लावता आपल्यापर्यंत पोचवलं आहे. असं पुष्कळ. मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात धरून मी हसत सुटले. "कोणताही हात न लावता?" मी म्हटलं. "भाऊजी, माझी बोटं भाजली होती. कळवा त्यांना."

"कळवतो ना," तो म्हणाला.

मी दोनतीनदा विचारलं. कळवलं नाही. दरम्यान ऑर्डरी वाढल्या होत्या. आधी ज्या कॅसेटी वरच्या खोलीत खोक्यात पडून असायच्या, त्या आता पोस्टात न्यायला दिराला मोटारसायकलला पिशव्या लावाव्या लागायच्या. जपानमधून, जर्मनीतून लोक लिहायचे. सगळ्यांना माग आवडला होता. दुसऱ्या खेपेच्या कॅसेटी निघाल्या तेव्हा त्यात एक छापील चिठ्ठी होती, आणि तीवर दिराने स्वतः लिहिलं होतं: तापीच्या खोऱ्यातल्या मागांचे आवाज.

मी चिठ्ठी घेऊन वर गेले.

"हे काय आहे, भाऊजी?"

"वहिनी, तुम्ही उगाच मनाला लावून घेऊन राहिल्या. लोक ऐकून राहिले ना? बस."

"लोक माझं ऐकत नाहीयेत. नसलेला माग ऐकतायत."

"नाव तर कोणाचंच नाही टाकत आपण. माझं टाकतो का?"

"नाव टाकू नका. माग कशाला टाकता?"

मग त्याने जे खरं होतं ते सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्याला मानते. "वहिनी, सर्किट तर बर्लिनमध्ये पण बनतं. पुण्यात तर घरोघरी बनवून राहिले पोरं. आपल्याकडून त्यांना सर्किट नाही पाहिजे. आपल्याकडून त्यांना माग पाहिजे."

"माग मालेगावला नाहीत? भिवंडीला नाहीत?"

"आहेत. पण तिथले कॅसेट नाही काढून राहिले."

मी खाली आले आणि भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. मला कळत होतं की तो म्हणतोय त्यात तथ्य आहे. म्हणजे जगात कोणी पुण्याच्या पोराला विचारत नाही की तुझ्या शहराचा आवाज दे. त्याने काहीही करावं, ती त्याची कला. आम्ही बुऱ्हाणपूरचे. आमच्याकडे डोकं असण्याचं कारण नाही. आमच्याकडे माग असायला हवा, आणि नसला तर तो शोधून घेतला जाईल.

आणि नावाचं म्हणाल, तर बाकीच्यांची नावं कव्हरवर नव्हती, पण तोंडोतोंडी होती. दीर, तो धूलकोटचा मास्तर, इच्छापूरवाला, हे इंदूरला, पुण्याला कार्यक्रम करायला जायचे. स्टेजवर उभे राहायचे, लोक भेटायचे, फोटो निघायचे. 'धूलकोट' कोणाचं ते ज्याला हवं त्याला ठाऊक होतं. 'निंबोला' कोणाचं हे विचारायचं कारणच उरलं नव्हतं. ते तर मागाचं होतं.

पुढच्या वर्षी दिल्लीहून दोघं आले, एक गृहस्थ आणि एक बाई. एका मोठ्या प्रदर्शनासाठी ते देशभरातले आवाज गोळा करत होते आणि 'निंबोला' त्यांना त्यात मध्यभागी ठेवायचं होतं. त्यांना जागा बघायची होती. दिराने फोनवर सांगून टाकलं होतं की रेकॉर्डिंग शहरातल्या एका कारखान्यात झालं, गावाचं नाव नुसतं दिलंय. मला हे ते दारात आल्यावर कळलं. सकाळी तो त्यांना एका मित्राच्या लूमच्या कारखान्यात घेऊन गेला. दुपारी ते आमच्याकडे जेवायला होते. सासूबाईंनी माव्याची जिलेबी मागवली होती. गृहस्थ कानात बोट घालून हसत होते, म्हणे अजून आत खटखट चालू आहे.

बाई माझ्याशी फार गोड बोलल्या. "आप तो बचपन से यही आवाज़ सुनती आई होंगी," त्या म्हणाल्या.

"नहीं," मी हिंदीत सांगितलं. "मैं पेपर मिल की कॉलोनी में पली हूँ."

त्यांचे डोळे चमकले. "अरे वाह. वहाँ की मशीनों की भी आवाज़ होगी?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. ताटं उचलून झाल्यावर मी सरळ म्हटलं की वर चला, तुम्हाला काहीतरी ऐकवते. दिराने माझ्याकडे पाहिलं. थांबवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "मशीनरी बघायची आहे का त्यांना? सुनेनेच दुरुस्त केली आहे सगळी."

वरच्या खोलीत मी डबे ओळीने मांडले, वायरी जोडल्या आणि लाइन दिली. मला खात्री होती. हे माझं आहे, मी ते काढून दाखवते, यापुढे बोलायचं काय उरतं? मी पहिला सूर धरला. तो नीट लागला. दुसरा चढवला. मग वाट बघू लागले.

काटे हलेनात.

त्या दिवशी शहरात व्होल्टेज असं होतं की आमच्या आयटीआयमध्येही कधी पाहिलं नाही. काटा जिथे असायला हवा तिथे, मधोमध, शहाण्या मुलासारखा बसलेला. लाइन दबेना, सूर खाली बसेना, रिले गप्प. मी दिराला म्हटलं, खाली जाऊन इस्त्री लावा, गीझर लावा. तो गेला आणि लावून आला. काटा एवढासा थरथरला आणि परत जागेवर. शेवटी मी एक छोटं टायमरचं सर्किट जोडलं आणि त्याच्यावर रिले वाजवले. खट्, खट्, खट्, खट्. एकसारखे, शाळेच्या कवायतीसारखे. त्यावर नॉब फिरवून मी सूर वरखाली केला, जसा तो मळ्यात आपोआप व्हायचा. आपोआप जे व्हायचं ते हाताने करताना ते किती बावळट वाटतं हे मला तेव्हाच ऐकू येत होतं. पण थांबता येईना.

मी बंद केल्यावर गृहस्थ अगदी मनापासून म्हणाले, "कमाल है. आपने तो हूबहू उतार लिया." मग दिराकडे वळून, "भाभीजी ने लूम की आवाज़ की क्या नकल की है."

"नकल नहीं है," मी म्हटलं. "वही है. वो मैंने ऐसे ही बनाया था. खेत में. वहाँ वोल्टेज..." आणि मी व्होल्टेजबद्दल, मोटारींबद्दल, लाइन दबण्याबद्दल सांगू लागले. ते दोघं मान डोलवत ऐकत होते, लहान मूल स्वप्न सांगतं तेव्हा मोठी माणसं ऐकतात तसे. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "बहुत सुंदर है," त्या म्हणाल्या. "बस लूम में जो जान है ना, वो मशीन में कहाँ से आएगी."

मला सांगावंसं वाटलं की बाई, लूमसुद्धा मशीनच असते. पण मी दिराकडे पाहत होते. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. 'वहिनी खरं सांगून राहिल्या.' बस, एवढंच. त्याला सगळं ठाऊक होतं, पहिल्यांदा ऐकून डोळे त्याचेच भरून आले होते. तो खिडकीजवळ उभा राहून वायर गुंडाळत होता. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, नीट, एकावर एक. सगळी गुंडाळून झाली तरी तो काही बोलला नाही.

मी त्याला माफ केलेलं नाही. लोक म्हणतात घरातल्या घरात असं धरून ठेवू नये. मी त्याला सकाळी चहा देते, त्याच्या मुलीचा अभ्यास घेते, तो आजारी पडला तेव्हा दवाखान्यात बसून राहिले. हे सगळं करते आणि माफ केलेलं नाही.

पाहुणे गेल्यावर दोनतीन दिवसांनी तो स्वयंपाकघरात आला. प्रदर्शनवाल्यांना आणखी हवं होतं, 'निंबोला'चा दुसरा भाग. ओट्याला टेकून, खाली बघत म्हणाला, "वहिनी, मळ्यात कधी बसाल मग?"

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "मागाला विचारा."

आणि खरंच, त्याने विचारलं. मित्राच्या कारखान्यात जाऊन, चांगले मायक्रोफोन लावून त्याने खऱ्या मागांचं रेकॉर्डिंग केलं आणि ते 'निंबोला' भाग दोन म्हणून काढलं. ते चाललं नाही. पहिल्या भागात जो जिवंतपणा होता तो यात नाही, असं लोकांनी लिहिलं. यंत्राची नुसती खडखड आहे म्हणाले. एकाने तर शंका घेतली की हे कॉम्प्युटरवर बनवलंय. दिराने हे मला स्वतः येऊन सांगितलं. त्याला वाटलं मला बरं वाटेल. "बघा वहिनी, जिंकल्या ना तुम्ही," म्हणाला. कोणाशी जिंकले? कोणाला कळलं? ज्या शर्यतीत मी धावतेय हेच कोणाला माहीत नाही, तिच्यात मी पहिली आले होते.

त्यानंतर मी डबे उघडले नाहीत. राग होता म्हणून नाही फक्त. काही सुचलं की आधी मनात यायचं, हे कशाचा आवाज आहे म्हणतील? आणि हात गळून जायचे.

आता शेवटचं. गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका व्यापारी मंडळाचा कार्यक्रम होता. केळीवाल्यांनाही बोलावणं होतं, म्हणून नवरा मला घेऊन गेला. भाषणं झाली, सत्कार झाले, आणि मग शहराच्या उद्योगांवर बनवलेली एक छोटी फिल्म दाखवली. पडद्यावर मागांच्या रांगा, पांढरे ताणे, कपडा गुंडाळला जातोय. आणि त्याच्याखाली माझा आवाज. पहिला भाग. दिराने परवानगी दिली असणार. मला कोणी सांगितलं नव्हतं.

एवढ्या मोठ्या स्पीकरवर मी तो कधीच ऐकला नव्हता. शेजारच्या मळ्यातली मोटार उचलली तो क्षण आला, सूर खाली बसला, रिले एकामागून एक वाजले, आणि मी त्या उतारावर दुसरा सूर चढवला ते आलं. इतका नीट चढवला होता मी. भाषणांत मोबाइल बघत बसलेली माणसं वर बघत होती.

नवऱ्याने कधी दिराची एकही कॅसेट पुरती ऐकली नव्हती. तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता. "काय पकडलाय ना आवाज," तो हळूच म्हणाला. "असं वाटून राहिलं की मागाच्या बाजूलाच उभे आहोत."

सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. माझ्या माणसाला नाही सांगायचं तर कोणाला? पण त्याच्यापुढे पडद्यावर माग चालले होते, ठोक्याला ठोका जुळत होता, आणि मला दिल्लीच्या बाईंचा माझ्या हातावरचा हात आठवला. हाही तसाच हात ठेवेल अशी मला भीती वाटली. त्याने तसा हात ठेवला असता तर मी पुढे त्या घरात कशी राहिले असते, मला माहीत नाही.

फिल्म संपली. दिवे लागले. नवरा अजून पडद्याकडेच बघत होता.

"ज्याच्या मागाचा हा आवाज आहे," तो म्हणाला, "त्या बिचाऱ्याला कोणी विचारलं असेल का गं? एवढं सगळं त्याचं घेतलं, नाव तरी सांगायचं ना त्याचं."

"नाही सांगितलं," मी म्हटलं.

"असंच करतात लोक," तो म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागला.